खास उष्ण देशांसाठी

प्रिय आत्या,

तर सागवान. फोनवर मी तिथपर्यंत आले होते आणि तू म्हणालीस, ‘अगं टकळे, जरा हळू, मध्ये श्वास घे.’ तेवढ्यात तुला ऑपरेशन थिएटरमधून बोलावणं आलं आणि माझं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. ते अजून लोंबकळतंय. म्हणून आता कागदावर लिहितेय. कागदावर मला भरभर बोलता येत नाही, कारण माझं मराठी अक्षर. इंग्लिश मीडियमची फळं. साधं ‘ऱ्हा’ लिहायचं तर मला अजून जीभ बाहेर काढावी लागते. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर कधीच लिहून झालं असतं. पण यात जे मुख्य आहे ना, ते घडलंच मराठीत. त्यामुळे चुका पोटात घाल आणि वाच.

सागवान अशासाठी, की आपला ग्रामोफोन सागवानी आहे हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. साहेबांच्या देशात ही मशीनं वेगळ्या लाकडाची असायची. वर छान पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला, काचेसारखं पॉलिश, बघतच राहावं असं. ती जहाजातून आपल्यासारख्या देशांत यायची आणि पहिल्याच उन्हाळ्यात सरस सुटायचा, पापुद्रा पापडासारखा फुगायचा आणि उरलेल्याचं वाळवी बघायची. मग कंपन्यांना अक्कल आली. त्यांनी इकडे विकायला वेगळीच मशीनं काढली. अखंड सागवान, सरसाऐवजी स्क्रू, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आणि आत असं जाड ग्रीस की उकाड्यात पाघळायला नको. तळाला एक छोटी पितळी पट्टी ठोकलेली, ‘खास उष्ण देशांसाठी’. आता गंमत बघ. ज्यांनी बनवली त्यांच्या स्वतःच्या देशात ती कधी विकलीच नाहीत, म्हणून आज तिकडचे शौकीन ती जीव टाकून शोधतायत. आणि आपण? आपण त्यावर रेक्झिनचं कव्हर घालून इस्त्रीचे कपडे ठेवत होतो.

तुला वाटेल, हिच्या डोक्यात हे खूळ आलं कुठून. खूळ नाही गं, चांगलं चाललंय माझं. माझ्या खोलीत आता पाच आहेत. सगळी ‘उष्ण देशांची’. एकाला कर्णाच नाही, एकाला झाकण नाही, एक नुसतीच मोटर आहे पण ती इतकी गोड फिरते की मी तिला मशीनच धरते. आई दारात उभी राहून म्हणते, ‘मला सांग, ही खोली आहे का भंगारवाल्याची हातगाडी?’ आणि मग स्वतःच एकेकावरची धूळ पुसून जाते. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते, संध्याकाळी घरी येऊन ग्रामोफोनच्या चक्रांचे दात घासते. हत्यारं तीच. आमचे साहेब म्हणाले, ‘तुझ्या हातात तासणी बघून वाटतं, कवळीतून गाणं वाजणार आता.’

आणि मला या नादाला लावलं ते पितळकाकांनी. त्यांचं खरं नाव घेऊन कुणी बोलावत नाही. घरात पितळ, अंगाला पितळेच्या पॉलिशचा वास, आणि हसले की एक दातही सोनेरी, तो आमच्याच लॅबचा. जुन्या बाजारात एका खोक्यात हात घालून मी कर्ण्याचं कोपर उचललं आणि पलीकडून त्यांनीही तेच धरलं. कुणीच सोडेना. शेवटी ते म्हणाले, ‘पोरी, हे काय आहे ते सांगितलंस तर तुझं.’ मी म्हटलं, ‘नळाचा पाइप.’ तेव्हापासून मी त्यांची शिष्या. त्यांचा एकच नियम. जसं कारखान्यातून निघालं तसं. नंतर कुणी काही लावलं असेल, ठोकलं असेल, चिकटवलं असेल, ते आधी काढून फेकायचं. ते म्हणतात, ‘मशीनवर उपकार करणारेच मशीनला मारतात.’ हे वाक्य मी फार मनावर घेतलं होतं. पुढे काय झालं ते वाचलंस की कळेल किती.

तू जेव्हा म्हणालीस की या महिन्याअखेर हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्यावर तुला दुसरं काही नको, फक्त आपला ग्रामोफोन आणि आजीची तबकडी पाठवा, तेव्हा मी अक्षरशः नाचले. म्हटलं, आत्याला असा लखलखीत करून पाठवते की ती भूल द्यायची सोडून स्वतःच बेशुद्ध पडली पाहिजे. बाबा मात्र एवढंच म्हणाले, ‘आहे तसाच पाठव की.’ मी ऐकतेय थोडीच. कव्हर काढलं, उलटा केला, आणि तळाला ती पितळी पट्टी! मी किंचाळले. आई स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं पाल. पितळकाकांना दाखवला तर ते खुर्चीत बसलेच. मग हात धुऊन आले आणि मगच शिवले. म्हणाले, हे मॉडेल मी फक्त फोटोत बघितलंय. आजोबांनी तो घर विकून परत निघालेल्या कुणा साहेबाकडून उचलला होता, एवढंच बाबांना माहीत.

आता मोटरचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. कंटाळू नकोस, सोपं आहे. हँडल फिरवलं की स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि ती सुटताना तबकडी फिरवते. पण नुसतं सुटली तर सुसाट सुटेल, म्हणून आत एक लगाम असतो. तीन छोटे शिशाचे गोळे गरगर फिरतात आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या चकतीवर फेल्टचा एक तुकडा घासत असतो. तो जास्त दाबला की वेग कमी, सैल केला की वेग जास्त. बाहेरचा जो काटा असतो ना, हळू-जलद लिहिलेला, तो या तुकड्यालाच पुढेमागे करतो. आपल्या मशीनचा काटा तर फिरायचा, पण वेग ढिम्म बदलायचा नाही. उघडून बघते तर लगामाच्या दांडीच्या मागे काहीतरी कोंबलेलं. चामड्याचा तुकडा, नखाएवढा, दुमडून दोऱ्याने बांधलेला, काळा कुळकुळीत झालेला. त्याच्यामुळे दांडी कायमची दाबलेली. म्हणजे काटा कुठेही न्या, मशीन हळूच चालणार.

माझा असा संताप झाला! बाहेर येऊन चहाच्या टेबलावर मी तो तुकडा आपटला आणि बाबांसमोर जे काही बोलले ते तुला लिहिता येणार नाही. कुठल्या गाढवाने केलंय हे, मिस्त्री होता का खाटीक, असल्या माणसाच्या हातात साधा पाना देऊ नये, वगैरे वगैरे. बाबांनी बशीतून चहा पिता पिता माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘दोरा तरी नीट बांधलाय ना?’ मी म्हटलं, ‘दोरा छान बांधलाय, अक्कल गहाण ठेवलीय.’ ते ‘बरं’ म्हणाले आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. मी तो तुकडा केराच्या डब्यात टाकला. पितळकाकांचा नियम.

त्यानंतर नवीन फेल्ट कापून लावला, जुनं ग्रीस खरवडलं, गोळ्यांना धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या बदलल्या. मग वेग लावला. त्याची पद्धत एकदम शाळकरी आहे. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवायची, घड्याळ समोर ठेवायचं आणि ती चिठ्ठी मिनिटात किती वेळा समोरून जाते ते मोजायचं. अठ्ठ्याहत्तर भरले की जमलं. मी कितीदा मोजले असतील! आईला मोजायला बसवलं, ती मध्येच ‘दूध’ म्हणून उठून गेली. शेवटी बरोब्बर जमलं. मी बाबांना हॉलमध्ये खुर्चीत बसवलं, आईला बसवलं, आणि भाषण केलं. म्हटलं, उष्ण देशांसाठी खास बनवलेलं हे यंत्र आज पुन्हा तसंच वाजणार आहे जसं कारखान्यातून निघालं होतं. आईने टाळ्या वाजवल्या. आधी एक नाचाची रेकॉर्ड लावली, काय उडाली म्हणून सांगू! मग मी आजीची ती अॅल्युमिनियमची तबकडी काढली.

आत्या, त्या तबकडीबद्दल तू मला इतकं सांगितलंयस की ती मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ती आधीच पाठ होती. आजोबा आजीला घेऊन प्रदर्शनाला गेले होते, तिथे काचेची एक खोली होती, आत जाऊन बोललं की तबकडी कापून मिळायची. आजोबांनी आजीला आत ढकललं. त्यानंतर वर्षाच्या आतच आजी गेली. तू इतकी लहान होतीस की तुला तिचा चेहरा फोटोतलाच आठवतो, पण आवाज मात्र तुझा स्वतःचा, तबकडीतला. तुला झोपवायला ती रोज लावायचे. तू मला तो आवाज करूनही दाखवायचीस, आठवतं? दिवा मालवून, माझ्या कपाळावर हात ठेवून, जाड, संथ, विहिरीतून आल्यासारखा. ‘बाळांनो… झोपा आता… मी आहे… इथेच.’ आणि शेवटी तो लांब उसासा. तू म्हणायचीस, आईला आतून कळलं होतं गं, ती जाणार आहे म्हणून, त्या उसाशात सगळं आहे. आणि तू म्हणायचीस, मी आईवर गेले, आवाजाने. पेशंटच्या तोंडावर मास्क धरून तू त्याच आवाजात बोलतेस आणि मोठमोठे पुरुष लहान मुलांसारखे झोपी जातात, हे मी स्वतः बघितलंय. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी मीच झोपले होते ना!

आणि अजून एक तू सांगायचीस, हसत हसत, पण प्रत्येक वेळी. की दादा दगड आहे. आईची तबकडी लागली की दादा उठून बाहेर जायचा. कधी कडी बघायला, कधी कुंड्यांना पाणी घालायला. आईचा आवाज चालू असताना ज्याला कुंड्या सुचतात त्याला काय म्हणायचं! बाबा हे ऐकून गालातल्या गालात हसायचे आणि म्हणायचे, ‘कुंड्या सुकतात ना.’

तर मी तबकडी ठेवली. बाबांनी पिनेऐवजी कुंपणावरच्या झुडपाचा काटा तासून दिला होता, कारण अॅल्युमिनियमवर स्टीलची पिन लावली तर ती आवाज खरवडून काढते. तुमच्या लहानपणीही काटे तेच तासायचे, हे मला तेव्हा कळलं. मी मशीनचा हात अलगद खाली सोडला. आधी नुसती खरखर. आणि मग कुणीतरी बोललं. आत्या, मला वाटलं आई बोलली. मग वाटलं, नाही, हे मीच बोलले. इतकं भरभर, बारीक, एकावर एक पडणारे शब्द. ‘अहो, सुरू झालं का हे? अहो सांगा ना! काय बोलू मी? बरं बरं. बाळांनो, झोपा आता, दिवा मालवा, दाराला कडी लावली का? मी आहे इथेच. झालं? एवढंच?’ आणि शेवटी ती हसली. उसासा नाही गं. हसली. हसू येतंय, आणि ते तबकडीवर जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरलाय, आणि तरी फुटलंय, असं. काचेबाहेर उभे राहून आजोबा काहीतरी खुणा करत असणार, मला तर तेसुद्धा दिसले. हेच हसणं हळू केलं की उसासा होतो, आणि ते भरभर बोललेले बाकीचे शब्द नुसती घरघर होऊन जातात.

मी ‘वॉव’ की काय म्हणायला वळले, तर बाबा खुर्चीत नव्हते. ते मशीनपाशी उभे होते. आणि वाकून, आत्या, गुडघ्यावर हात टेकून, त्यांनी मशीनच्या मागे बघितलं. मागे भिंत. तिथे काय असणार? बघितलं, मग सरळ झाले, आणि आमच्याकडे बघून एकदम लाजले. आई म्हणाली, ‘काय हो, काय हरवलं?’ तर म्हणाले, ‘काही नाही. सवय.’ आणि मग खुर्चीत बसून इतके हसायला लागले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी. माझ्याकडे बोट दाखवून आईला म्हणाले, ‘हिच्यासारखीच. श्वास घ्यायलासुद्धा थांबायची नाही. बाबा तिला म्हणायचे, अगं, स्वल्पविराम नावाची एक चीज असते.’ चोवीस वर्षं मी या घरात बडबडतेय आणि चोवीस वर्षांत हे मला एकदाही सांगितलं नाही! तू मला ‘हळू बोल, माझ्या आईसारखं’ म्हणायचीस तेव्हा हे समोर बसून पेपर वाचायचे.

मग त्यांनी सांगितलं. तुला माहीत आहे ते कसे सांगतात. आयुष्य छापखान्यात गेलं, मशीनच्या धडधडीत कोण बोलणार, म्हणून एकेक वाक्य, मध्ये मोठी सुट्टी. म्हणाले, आजी गेल्यावर आजोबांनी ती तबकडी पहिल्यांदा लावली, तर तू अंथरुणातून उठून धावत आलीस. ‘मी आहे इथेच’ ऐकलंस ना. मशीनच्या मागे बघितलंस, पडद्यामागे बघितलंस, पलंगाखाली गेलीस, कपाट उघडायला लावलंस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तू रडत नव्हतीस म्हणे, तेच वाईट होतं. तू खूश होऊन शोधायचीस. आई लपाछपी खेळतेय असं वाटून. तबकडी लावली नाही तर मागायचीस, आणि लावली की शोधायला लागायचीस, दमून कुठेतरी कोपऱ्यात झोपायचीस आणि आजोबा तुला उचलून आणायचे. मग आजोबांनी तबकडी कपाटावर ठेवून दिली, तर तू जेवणच सोडलंस. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. आजोबा कामावर गेल्यावर त्यांनी मशीन उघडलं. दप्तराच्या पट्ट्याचं टोक कापलं आणि लगामाच्या दांडीमागे कोंबलं.

मी विचारलं, ‘तुम्हाला कसं कळलं हळू करायचं?’ तर म्हणाले, ‘स्प्रिंग संपत आली की शेवटी आवाज जाड व्हायचा ना. तेव्हा ती शोधायची नाही. नुसती ऐकत बसायची. म्हटलं, सगळंच तसं असलं तर?’ आणि झालंही तसंच. त्या दिवशी तबकडी लागली, तू धावत आलीस, मशीनसमोर थांबलीस, तोंडात बोट घालून ऐकलंस. तो आवाज आईचा नव्हता ना. कुणा तरी मोठ्या, मायेच्या बाईचा होता. तू तिथेच सतरंजीवर आडवी झालीस आणि झोपलीस. बाबा म्हणाले, ‘मला वाटलं थोडे दिवस ठेवू, मग काढू. पण तोपर्यंत ती त्या आवाजालाच आई म्हणायला लागली होती.’ आजोबांना कळलं होतं का, मी विचारलं. म्हणाले, कळलं असणारच, पण दप्तराला नवीन पट्टा त्यांनी न विचारता शिवून आणला.

म्हणजे बघ. बाबांना आजी आठवत होती. अकरा वर्षांच्या मुलाला आईचा आवाज आठवतोच की. आणि त्यांनी रोज ती दुसरीच बाई ऐकायची, तिला तू आई म्हणायचीस ते बघायचं, आणि स्वतःची आई मात्र मागायचीच नाही. म्हणून कुंड्या, आत्या. दगड वगैरे काही नाही. मी म्हटलं, ‘अहो, ती झोपल्यावर गुपचूप काढून ऐकायचं ना तुम्ही!’ तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पितळकाकांना ‘नळाचा पाइप’ म्हटल्यावर त्यांनी बघितलं होतं. म्हणाले, ‘आणि ती जागी झाली असती तर?’

यापुढचं हसू नकोस. त्यांनी एकदम विचारलं, ‘तो तुकडा कुठंय?’ मी म्हटलं, ‘डब्यात.’ ते उठले, केराचा डबा अंगणात नेऊन कागदावर उलटा केला आणि उकिडवे बसून शोधायला लागले. मीही बसले. चहाचा चोथा, पेन्सिलची साल, माझ्याच फेल्टची कात्रणं. आई दारातून म्हणाली, ‘बापलेकीचं भंगारावर पोट भरत नाही वाटतं.’ शेवटी सापडला. त्यांनी नळाखाली धरून धुतला, रुमालाने टिपला, खिडकीत वाळत ठेवला आणि वर पेपरवेट ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. आणि मला म्हणाले, ‘मशीन पाठवायच्या आधी हा होता तिथे बसव. आणि तिला यातलं काही सांगू नकोस. तिच्याकडे आई म्हणून एवढीच आहे. तीही आपण बदलायची म्हणजे काय!’

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं होतं. पण मग मला झोप येईना, म्हणजे रोज मला ते हसणं आठवतं. तुला आयुष्यभर वाटलं ना की तुझ्या आईने जाताना उसासा टाकला. नाही टाकला गं. ती प्रदर्शनात मजा करत होती. तिला काय बोलायचं ते सुचत नव्हतं आणि समोर नवरा माकडचेष्टा करत होता आणि तिला हसू आवरेना. हे तुझंच आहे, आणि ते एका चामड्याच्या तुकड्यामागे अडकलंय, आणि तो तुकडा आता माझ्या हातात आहे. पितळकाकांना विचारलं, नावं न सांगता, तर ते एका कर्ण्याला फडकं घासायला लागले. नियमाचं काय, मी म्हटलं. म्हणाले, ‘नियम लाकडापितळेला. हे असलं मला विचारू नकोस.’

तर म्हणून हे पत्र. फोनवर सांगता आलं नसतं, कारण बाबा फोनशेजारीच बसतात, आणि दुसरं म्हणजे मी फोनवर बोलले की आता मलाच माझ्या आवाजात कुणीतरी ऐकू येतं आणि मी मध्येच थांबते. मशीन जवळजवळ पॅक झालंय, सागवानाला जुन्या रजया गुंडाळल्यात, तबकडी वेगळ्या खोक्यात. तळाची पट्टी मी घासून चमकवली नाही, तुला जशी आठवत असेल तशीच असू दे. फक्त मोटरचं झाकण अजून उघडं आहे आणि तो तुकडा काडेपेटीत घालून माझ्या पर्समध्ये आहे. बाबांना वाटतं तो बसवून झालाय. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खोटं सांगितलंय आणि त्यांनी विश्वास ठेवला, म्हणजे बघ किती वाईट वाटत असेल. तुला आता सगळं कळलंच, ते मला परत घेता येणार नाही. पण कळणं वेगळं आणि मशीनसमोर बसून ऐकणं वेगळं, हे मी बाबांना वाकताना बघितलं म्हणून सांगते. तू तो संथ आवाज सांभाळूनच इतक्या लोकांना झोपवलंस, आणि तोही खोटा नाही, तो तुझ्या दादाने तुझ्यासाठी बनवलाय, हाताने, दप्तर कापून. आणि दुसरी जी आहे ती तुझी आई आहे, माझ्याहून थोडी मोठी, आणि ती हसतेय. मला दोन्हींचा मोह होतो, म्हणून मी ठरवू शकत नाही. ठरवणं तुझं. तू सांगशील तसं करून मगच झाकणाचे स्क्रू आवळते. तर आत्या, दांडीमागे तो तुकडा परत बसवू, की काडेपेटीतच राहू देऊन सोबत पाठवू? तुला काय वाटतं?

तुझीच,
टकळी